दमयंतीच्या पेशीतला तीन कामांचा गडी

मी एक जनुक बोलतोय. डोळे ताणू नका, दिसणार नाही. दमयंतीच्या पेशीपेशीत, चौदाव्या गुणसूत्रावर माझं बिऱ्हाड. माझ्या सांगण्यावरून जे विकर, म्हणजे एन्झाइम, घडतं, ते एकटं तीन कामं उरकतं. पालेभाजीतलं फोलेट त्याच्या हाती पडलं की तीन तऱ्हांनी फिरवून नव्या पेशी उभ्या करायला देतं.

मला दमयंतीच्या आयशीनं दिलं. पिढ्यांमागे नक्कल उतरवताना माझं एक अक्षर बदललं, तेव्हापासून हात जरा मंद. फोलेटचा माल भरपूर मिळाला तर भागतं.

पण राजापूरकडच्या त्या वाडीत माल मिळतो कुठला! सासू हौसाबाई भाजी उकडायची, घट्ट पिळायची आणि माझ्या मालासकट हिरवं पाणी माडाच्या मुळाशी ओतायची. माड मात्र धष्टपुष्ट!

दोन हजार एक साली दमयंतीचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. पाठीचा कणा मिटलाच नव्हता.

"हिच्या म्हायेरचीच खोट," हौसाबाई म्हणाली. मी आतल्या आत चोरासारखा. सगळा दोष माझा नव्हता, पण मुळीच नव्हता असंही कसं म्हणू?

उपकेंद्राच्या गंगुबाई नर्सनी दमयंतीला फोलिकच्या, म्हणजे फोलेटच्याच, गोळ्या दिल्या. "दिवस जायच्या आधीपासून रोज एक. कणा पहिल्या महिन्यातच जुळतो, तुला कळायच्याही आधी."

मी कामाला लागलो, तोच आठव्या दिवशी पुडी हौसाबाईला सापडली. पोटात काही नाही आणि सून रोज गोळी गिळते? पुडी मुठीत धरून ती तडक उपकेंद्रात.

"काय गो बाय, माझ्या सुनेला पोर थांबवायच्या गोळ्या देतस?"

"अहो मावशी, पोर नीट व्हावं म्हणून आहेत त्या!"

"पोराचा पत्ता नाय, नि औषध कोणाला?"

"शेतात शेणखत लावणीआधी घालता, की भात पिकल्यावर?"

हौसाबाईनं पुडी पदरात बांधली. उठता उठता पुटपुटली, "मग सुनेन माका सांगूक काय झाला होता?"

"तुमच्यापुढे तोंड उघडायची हिंमत कोणाची, मावशी?"

दुसऱ्या सकाळी हौसाबाई तांब्या घेऊन सुनेसमोर उभी. "गिळ. आता आ कर, बघू!"

यंदा, दोन हजार तीनच्या मिरगात चिमा झाली. पाठ सरळ, आवाज खणखणीत. आयशीकडून मीच उतरलोय तिच्यात, मंद हातांसकट.

म्हणून विनवतो: सुनेच्या माहेराला नावं ठेवू नका, मला माल तेवढा वेळेवर द्या. हौसाबाईला तर कळलंय. परवा चिमाचा पाळणा हलवता हलवता दमयंतीला विचारत होती, "हिचा लगीन ठरला, की गोळ्या त्याच दिवसापासून ना गो?"