आधी सभासद, मग नोटिसा

"मी लिहिलेलं वाचलं होतंस का?" ताईंनी फोनवर विचारलं.

"चाळलं होतं, ताई."

ताईंनी डोळे मिटले. छोट्या वाचनालयांसाठीचं ते फुकट सॉफ्टवेअर दहा-बारा हौशी माणसं मिळून चालवत. घोळ झाला की निस्तरायला मात्र ताई. दिवसभर विमा कचेरीत डोकं पिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी हे. नवी आवृत्ती काढताना आधी सभासदांचा भाग वाचनालयांकडे सोडायचा, मग पुस्तकांचा, नोटिसांचा सर्वांत शेवटी. कितीदा सांगून झालं होतं. पण फोनवरच्या ह्या पोराला सगळे तुफान म्हणत ते काही उगाच नाही. पुस्तकांचा भाग जायच्या आतच त्यानं नोटिसा सोडल्या, आणि पुस्तकं वेळेत परत करणाऱ्या सज्जनांनाही 'पुस्तक त्वरित जमा करा' म्हणून दटावणी गेली. एका ग्रंथपालबाईंच्या तर सासूबाईंनाच.

"लिहिलंय सगळं. वाचायला काय होतं ह्यांना?" फोन ठेवून ताई धुमसत राहिल्या.

शेजारी नवरा शर्टांना इस्त्री करत होता. इस्त्री उभी करून तो ताईंच्या संगणकापाशी आला आणि पडद्यावरची मार्गदर्शिका मोठ्यानं वाचू लागला. "'तिन्ही भाग तपासून नेहमीप्रमाणे आवृत्ती सोडावी.' नेहमीप्रमाणे म्हणजे कशी गं?"

"अहो, नेहमी सोडतो तशी."

"नेहमी कोण सोडतं?"

नवरा पुन्हा इस्त्रीकडे वळला. ताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि 'नेहमीप्रमाणे' खोडून सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं. कुठला भाग कुणावर अवलंबून, आधी काय, मग काय, बिघडलं तर मागे कसं यायचं. जेवण गार झालं.

पुढची आवृत्तीही तुफानच काढणार होता. त्या दिवशी कचेरीत ताईंनी फोन समोरच ठेवला. चहाला जाताना बरोबर नेला. तो वाजला नाही. एकदा तर बंद पडलाय की काय म्हणून त्यांनी उघडून पाहिला.

संध्याकाळी घरी येऊन बघतात तो आवृत्ती निघालेली, क्रम बिनचूक, तक्रार एकही नाही. फक्त तुफाननं मार्गदर्शिकेत एक बदल सुचवला होता. शेवटची ओळ काढून टाकावी: 'अडल्यास ताईंना फोन करावा.' कारण म्हणून खाली लिहिलं होतं, 'आता लागत नाही.'

"काय गं, कुणाचं काय अडलं?" नवऱ्यानं आतून विचारलं.

"कुणाचंच नाही," ताई म्हणाल्या.

ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचली, आणि बदल मंजूर केला.