जागा गेली, पण गूळ-शेंगा कुठायत?

मित्रांनो, आयुष्यभर इतरांनीच माझ्यावर लिहिलं, म्हणून आज मीच बोलायचं ठरवलं आहे. मी सोलापूरच्या एका सार्वजनिक वाचनालयाचा जुना फळा आहे. फळ्याला डोकं नसतं असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण डोकं नसूनही माझा जो गोंधळ उडाला, तो डोकं असलेल्यांनी ऐकावा अशी माझी इच्छा आहे.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. चार फळ्या जोडून त्याने मला सपाट केलं, काळा रंग दिला आणि उन्हात उभं केलं. तेव्हा मला वाटलं होतं, आपण शाळेत जाणार, पोरं आपल्यावर पाढे लिहिणार. पण हातगाडीवरून मी येऊन पोचलो वाचनालयाच्या दारात. आत वर्तमानपत्रांचं मोठं टेबल, बाहेर ओट्यावर दोन बाकं, आणि मधल्या भिंतीवर मी. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की रात्रपाळीचे कामगार घरी जाता जाता माझ्यासमोर थांबत. कुणी मराठी बोले, कुणी तेलुगू, कुणी कानडी, कुणी दखनी. वाचता न येणारे शेजारच्याला विचारत, "काय लिवलंय हो?" अन् शेजारचा मोठ्याने वाचून दाखवी. माझी छाती फुगून येई.

माझ्या वरच्या भागात सुविचार असे आणि खाली जागांच्या जाहिराती. 'खोली भाड्याने देणे आहे', 'दोन खणांची जागा, नळ अंगणात', असं ग्रंथपाल शिवपुत्र गुरुजी सुबक अक्षरात लिहीत. आमच्या वाचनालयाचा एक रिवाज होता. जागा गेली की मालकाने स्वतः येऊन आपली ओळ पुसायची आणि वाचकांना गूळ-शेंगा वाटायच्या. मालक विसरला तर वाचक त्याला सोडत नसत. "जागा गेली, पण गूळ-शेंगा कुठायत?" असं म्हणत भर रस्त्यात अडवत. त्यामुळे मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ओळ आहे म्हणजे जागा आहे, ओळ नाही म्हणजे जागा नाही. इतकं साधं गणित फळ्यालाही जमतं.

मग ते सत्त्याहत्तर साल उजाडलं आणि माझं गणित चुकायला लागलं.

मुक्ताबाई सोनकांबळे नावाची एक नर्स बार्शीहून बदलून सोलापूरच्या दवाखान्यात आली होती. सोबत तिची म्हातारी आई, सोजरबाई. दोघी एका नातेवाइकाच्या घरी कोपऱ्यात राहत होत्या. पण त्या घरात आता लग्न निघालं होतं, आणि लग्नाआधी कोपरा रिकामा करणं भाग होतं. तोवर जागा मिळाली नाही तर नोकरी सोडून गावी परतायचं, असं मुक्ताबाई शिवपुत्र गुरुजींना सांगताना मी ऐकलं. म्हातारी तर माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. मी देव नव्हे हे तिला कुणी सांगितलं नसावं.

मुक्ताबाई माझ्यावरची ओळ वाचून जाई आणि थोड्या वेळाने परत येई. "जागा गेली म्हणाले," ती म्हणे. मी माझ्या अंगावर बघे. ओळ तर जागच्या जागी! दुसऱ्या ओळीचंही तेच झालं, तिसरीचंही तेच. मला काही कळेना. मी खोटं बोलतोय की काय? माझ्यावर खडूने चुकीचं उमटतं की काय? सुतारानेच काही घोटाळा करून ठेवला असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

मग गुरुबसप्पांच्या खोलीची ओळ आली. गुरुबसप्पा म्हणजे आमचे रोजचे वाचक आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीतले मानकरी. माणूस खरंच चांगला होता. माझी चौकट निखळली तेव्हा त्यांनीच स्वतःच्या खर्चाने खिळे मारून दिले होते. मला वाटलं, आता मुक्ताबाईचं काम झालंच. ती सकाळी गेली आणि उन्हं चढायच्या आत परतली.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"आधी गाव इचारलं, मग आडनाव इचारलं. आडनाव सांगितलं, तर म्हणाले, कालच गेली की ओ जागा."

त्याच दिवशी संध्याकाळी जोतीराम आला. हा नातेपुत्याचा, इथल्या आडतीवर कारकून. तो ओट्यावर बसून कुरकुरत होता, "गुरुबसप्पांची खोली बगून आलो. लई चांगली हाय, पर मला आडतीपासनं लांब पडती. न्हाय म्हणून सांगून आलो."

काल गेलेली खोली आज कशी बघून आला? खोली काय फिरायला जाते आणि परत येते? माझं डोकं, म्हणजे नसलेलं डोकं, गरगरायला लागलं. पण शिवपुत्र गुरुजींचा चेहरा मात्र उतरला. त्यांना कळलं होतं. त्या काळी आडनावावरून जात ओळखत, आणि जात ओळखली की काहींसाठी रिकामी जागा भरून जात असे. मला हे पुढे हळूहळू समजलं. अजूनही नीटसं समजलेलं नाही, कारण खोलीला चार भिंती असतात, आडनाव नसतं.

गुरुजी तीन-चार दिवस अस्वस्थ होते. गुरुबसप्पा कार्यकारिणीत, आणि गुरुजींची नोकरी कार्यकारिणीच्या हातात. कायद्याचं एक पुस्तक काढायचे, पान उघडायचे, परत मिटायचे. शेवटी रविवारी जाहीर वाचनाला त्यांनी तेच पुस्तक घेतलं. रविवारचं वाचन म्हणजे गर्दी असायची. मुक्ताबाई आणि सोजरबाई बायकांच्या बाकावर बसल्या होत्या. गुरुबसप्पा नेहमीसारखे पुढे.

गुरुजींनी वाचलं. अस्पृश्यता मानून कुणालाही राहायला जागा नाकारणं हा गुन्हा आहे, त्याला शिक्षा आहे, आणि तो कायदा मागच्याच वर्षी अधिक कडक झाला आहे. मग त्यांनी सोप्या शब्दांत समजावलं. वाचकांतल्या एकाने ते कानडीत सांगितलं, एकाने तेलुगूत. सगळ्यांत जोरात मान कुणी हलवली असेल? गुरुबसप्पांनी! "बरोबर हाय," ते म्हणाले, "असं करनाऱ्याला धरलंच पायजे." मी भिंतीवर चक्रावून गेलो.

गुरुजींनी पुस्तक मिटलं. गुरुबसप्पांकडे बघून ते हसत म्हणाले, "अण्णा, तुमची जागा गेली म्हणे. गूळ-शेंगा कुठायत?"

सगळे हसले. "काडा की, काडा," म्हणून मागून आवाज आले. गुरुबसप्पाही हसत म्हणाले, "कुटं गेली? अजून तशीच हाय की!"

मुक्ताबाई उभी राहिली. "मग मला गेली म्हणून का सांगितलं?"

हसणं थांबलं. गुरुबसप्पा चाचरले. "तसं न्हवं बाई. एक जण आदी बोलून गेलता."

"त्यो मीच आसंन," जोतीराम म्हणाला, "पर मी ह्यांच्या मागनं आलतो. आन् नको म्हनून सांगितलं की तुमाला."

मग म्हातारी सोजरबाई बसल्या जागेवरून बोलली, "मालक, माझी लेक दवाखान्यात समद्यांची बाळं हातात घेती. तवा कुनी आडनाव इचारत न्हाय. घर मागितलं की मातर इचारत्यात. का वो?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिलाही माझ्यासारखंच खरोखर कळत नव्हतं. गुरुजींनी डस्टर गुरुबसप्पांसमोर धरलं. "अण्णा, जागा गेली असेल तर ओळ पुसा. नसेल तर बाईंना उत्तर द्या."

गुरुबसप्पा डस्टर घेऊन माझ्यासमोर आले. त्यांचा हात माझ्या अंगापर्यंत आला आणि थांबला. मग ते एकदम वळले आणि निघून गेले. जाताना डस्टरही घेऊन गेले! पुढचे काही दिवस गुरुजी मला जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसत होते. ती एक ओळ मात्र त्यांनी पुसली नाही. गुरुजींची नोकरी जाणार असं वाचक कुजबुजत होते, आणि लग्नाचा मांडव तर उद्यावर आला होता.

त्या सकाळी गुरुबसप्पा आले. त्यांनी आपली ओळ पुसली, डस्टर जागेवर ठेवलं आणि बाकावर बसून वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ओळ नाही म्हणजे जागा नाही! आता जागा दिली, की दडवली? कुणालाच विचारायचा धीर होईना. माझा जीव टांगणीला लागला. मी तसाही टांगलेलाच होतो म्हणा.

इतक्यात ओट्याच्या पायऱ्या चढून सोजरबाई आली. तिने पदराची ओटी धरली होती आणि ओटीत गूळ-शेंगा होत्या.

"मालक वाटायचं इसरले, म्हनून मी आनलं," ती म्हणाली. "काल किल्ली दिली त्यांनी."

ती एकेकाच्या हातावर गूळ ठेवत गेली. गुरुबसप्पांसमोर आली आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. गुळाच्या एवढ्याशा खड्यासाठी इतकी माणसं श्वास रोखून का बसली, मला कळेना. तिच्या हातचं खाणं ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती, हे मला गुरुजींच्या भरल्या डोळ्यांकडे बघून समजलं. गुरुबसप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. हात पुढे केला. गूळ तोंडात टाकला, वर दोन शेंगाही सोलून टाकल्या.

"भाजल्यात बाकी झकास," ते म्हणाले.

कायद्याला भिऊन त्यांनी जागा दिली, की लाजून दिली, की म्हातारीच्या प्रश्नाला उत्तर सापडलं नाही म्हणून दिली, हे मला आजही माहीत नाही. गुरुजींची नोकरी मात्र राहिली. त्यांनी माझ्या डोक्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने एक ओळ लिहिली, 'इथली जागा मागेल त्याची.' ज्याला ती ओळ मान्य नसे, त्याची जाहिरात ते माझ्यावर लिहीत नसत. काही मालक रागावून गेले, ते पुन्हा आले नाहीत. त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग भिंतीवर सूचनांची काचेची पेटी आली आणि मी मागच्या खोलीत गेलो. आता जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांना टेकू म्हणून उभा आहे. एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे. खडूची हजारो अक्षरं माझ्यावरून गेली, पण ऑइल पेंटची ती ओळ अजून वाचता येते. कधी वेळ मिळाला तर माझ्यावरची धूळ तेवढी झटका.

मला पुन्हा टांगा असा माझा हट्ट नाही. पण मित्रांनो, तुमच्या गल्लीत कुणी रिकाम्या खोलीच्या दारात उभं असेल आणि मालक त्याला "जागा गेली" म्हणत असेल, तर तुम्ही पुढे व्हा. आणि त्या मालकाकडे, हसत हसत का होईना, गूळ-शेंगा मागा.