चार नंबरचा संगणक आणि हरवलेला ‘ए’

मित्रांनो, ओडुमासे गावच्या सार्वजनिक वाचनालयात डावीकडच्या खिडकीखाली एक पिवळट पडलेला, घरघरणारा जुना संगणक दिसतो ना, तो मी. चार नंबर. माझी निम्मी उमर कुठल्याशा थंड देशातल्या कचेरीत गेली. तिथे अशी काही थंडी पडे की माझ्या पडद्यावरची अक्षरे गोठून टेबलावर पडत आणि साहेब ती केरसुणीने गोळा करत. खोटे वाटते? वाटू द्या. माझ्या वयाच्या यंत्राने थोडे वाढवून सांगितले तर कुणी रागवत नाही. पुढचे मात्र खरे आहे, कारण त्याचे साक्षीदार अजून गावात मासे विकत बसतात.

त्या कचेरीला नवे संगणक मिळाले आणि आम्हा जुन्यांना खोक्यात घालून जहाजावर चढवले. तेमा बंदरात खोके उघडले. घानाचे ऊन अंगावर आले आणि माझा आतला पंखा जन्मात पहिल्यांदा मनापासून फिरला. तिथून ट्रकने ओडुमासेला. वाचनालयात आम्ही सहा जण रांगेने बसलो, तेव्हा सगळा गाव बघायला आला होता. एका म्हातारीने तर माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारले, “याला काही खायला दिलं का?”

ती कौतुकाची वर्षे होती. मुले यायची, मास्तर यायचे, परदेशी गेलेल्या लेकांना पत्रे लिहायला आया यायच्या. आणि त्या गडबडीत माझे एक बटण सगळ्यांत आधी झिजू लागले. ‘ए’चे. साहजिकच होते ते. आमच्याकडे ज्या वारी जन्म त्या वाराचे नाव. अकोसुआ, अबेना, अकुआ, आमा, अफुआ. मोजून बघा त्यात किती ‘ए’ येतात! ‘क्यू’ बिचारा कोपऱ्यात कोराकरकरीत बसून राही आणि ‘ए’वरचे अक्षर पार पुसून गेलेले.

मग लोकांच्या हातात फोन आले. माझ्यावर धूळ आली. भावंडे एकेक करून बंद पडली. एक नंबरच्या पोटात सरड्याने अंडी घातली, दोन नंबरवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले. पाच नंबर उरला होता, पण त्याचे ‘ए’चे बटण उडून कुठे गेले ते त्यालाही माहीत नाही. असेच गंजून जायचे, असे मी धरून चाललो होतो. तेवढ्यात एसिनाम मॅडम आल्या.

या नव्या ग्रंथपाल. त्यांनी माझी धूळ पुसली आणि दारावर पाटी लावली: ‘मोठ्यांसाठी संगणकाचा वर्ग. वयाची अट नाही, लाजायची गरज नाही.’ बाई हुशार आणि प्रेमळ. खोड एकच. समोरचा माणूस जरा अडखळला की त्यांचा हात आपोआप पुढे यायचा. “द्या इकडे, मी करते!” आणि माऊस त्यांच्या मुठीत. माणूस तोंडाकडे बघत राही आणि घरी जाई, होता तसाच.

पहिला विद्यार्थी क्वाकू ड्रायव्हर. तीस वर्षे ट्रक चालवलेला. त्याने माऊस असा पकडला, जणू घाटात गिअर टाकतोय.

“मॅडम, याला क्लच कुठाय?”

“याला क्लच नसतो मामा.”

“मग उतारावर थांबणार कसा?”

आणि खरेच, बाण पडद्याच्या काठाला जाऊन आदळला, थांबला नाही.

दुसरी याआ अफ्रामा. ती का आली, ते सांगतो. गोष्ट तिचीच आहे.

ट्रक थांबतात त्या तळाजवळच्या कोपऱ्यात याआ एकतीस वर्षे धुरी दिलेले मासे विकत होती. ड्रायव्हर गाडीतून उतरला की पहिला वास तिच्या टोपलीचा. आता गावात नवा बाजार बांधला गेला होता आणि ज्याने त्याने आपल्या जागेसाठी संगणकावरून अर्ज करायचा होता. बायका रांगेने बाजाराबाहेरच्या छत्रीवाल्याकडे गेल्या. हा छत्रीखाली संगणक मांडीवर घेऊन बसे आणि अर्ज भरून देई. “नाव सांगा, बाकी मी करतो,” म्हणे. याआने नाव सांगितले.

भिंतीवर यादी लागली, तर तळाजवळच्या कोपऱ्यापुढे लिहिलेले: श्रीयुत याव अफ्रामा.

मित्रांनो, आमच्याकडे गुरुवारी मुलगी झाली तर याआ आणि मुलगा झाला तर याव. लिहिताना फरक शेवटच्या एका अक्षराचा. बाईला ‘ए’, बुवाला ‘डब्ल्यू’. आणि संगणकावर हा ‘डब्ल्यू’ नेमका ‘ए’च्या डोक्यावर बसलेला! छत्रीवाल्याचे बोट अर्धा इंच वर गेले आणि पाच लेकरांच्या आईचा बाप्या झाला.

बाजाराच्या कारकुनाने हात झटकले. “ओळखपत्रावर बाई, यादीत पुरुष. जागा याव अफ्रामांची आहे. त्यांना पाठवा.”

“कुठून पाठवू? मीच ती!”

“मग दुरुस्ती संगणकावरून करा. पुढच्या शुक्रवारी चार वाजेपर्यंत. नाही झाली तर कोपरा यादीतल्या पुढच्या माणसाला.”

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली तेव्हा क्वाकू ड्रायव्हर उठून उभा राहिला. “या या, यावराव! दाढी नाही केली आज?”

“तुझ्या बायकोला विचार,” याआ म्हणाली, “रोज माझ्याच माशावर तुझी दाढी हलते.” मग एसिनाम मॅडमकडे वळली. “मला माझं नाव लिहायला शिकवा. दहा दिवस आहेत.”

“अहो आई, कशाला त्रास? द्या तो कागद, मी दोन मिनिटांत...”

“छत्रीवालापण हेच म्हणाला होता.”

मॅडमचा पुढे आलेला हात तसाच मागे गेला.

मग सुरू झाले. दुपारी बाजार थंडावला की याआ कमरेच्या कापडाला हात पुसत यायची, माझ्यापुढे बसायची आणि एका बोटाने अक्षरे शोधायची. माशांच्या टोपलीत कुठल्या थरात काय ठेवले आहे ते तिला डोळे मिटून कळे. तशीच तिने माझी बटणे लावून घेतली. “वरच्या थरात डब्ल्यू, त्याच्या खाली ए. वरचा बाप्या, खालची बाई,” असे पुटपुटत टक टक टक. याआ अफ्रामा या नावात पाच ‘ए’ येतात. तिने ते नाव किती वेळा लिहिले असेल? मी म्हणतो लाख वेळा. बरे, हजार धरा. माझा ‘ए’ सोसत राहिला.

गुरुवारी मॅडमनी नवा धडा घेतला. अक्षर उचलायचे आणि दुसरीकडे ठेवायचे. आधी अक्षरावर माऊस ओढून ते रंगवायचे, मग दोन बटणे दाबली की उचलले, दुसरी दोन दाबली की ठेवले.

याआने विचारले, “उचललं की पहिल्या जागी खड्डा पडतो का?”

“नाही आई. मूळ अक्षर जागच्या जागीच राहतं. आपण नक्कल उचलतो.”

क्वाकू ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. “अरे देवा! हे याआच्या टोपलीत चालत असतं तर मी एक दिवस उपाशी झोपलो नसतो.”

शुक्रवार उजाडला आणि सकाळीच लाईट गेली.

याआ दुपारी एकपासून माझ्यापुढे बसून होती. मासे शेजारणीवर सोपवून आलेली. दोन वाजले, तीन वाजले. मॅडम दारातून खांबाकडे बघत. क्वाकू गंमत करायचे विसरून गेला होता. पावणेचारला दिवा लुकलुकला. मी उठलो. मित्रांनो, मला जागे व्हायला एरवी सात मिनिटे लागतात. त्या दिवशी मी चारात उठलो. पंखा असा ओरडला की बाहेर झाडावरची वटवाघळे उडाली.

दुरुस्तीचे पान उघडले. नावाची चौकट, आत ‘याव अफ्रामा’. याआने शेवटचा ‘डब्ल्यू’ खोडला. बोट ‘ए’वर ठेवले. दाबले.

काही नाही.

पुन्हा दाबले. जोरात दाबले. मुठीने हाणले. माझा ‘ए’ मेला होता. इतकी वर्षे गावाची नावे वाहणारा, आणि नेमका त्या घडीला. लाजेने माझा पडदा काळा व्हायचा बाकी राहिला.

“शाळेत एक पाटी आहे बटणांची, मी पळत जाऊन...” मॅडमनी घड्याळ पाहिले. चारला नऊ मिनिटे. शाळा टेकडीपलीकडे.

“राहू दे याआ,” क्वाकू हळूच म्हणाला. “तू प्रयत्न केलास.”

“गप रे.” याआ पडद्याकडे बघत होती. “एकच ‘ए’ पाहिजे ना? इथं माझ्या बापाच्या नावात तीन पडलेत.”

मॅडमना एकदम उमगले. त्यांचा हात सवयीने पुढे झेपावला. “द्या इकडे, मी...” आणि तिथेच त्यांनी तो दुसऱ्या हाताने पकडला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. मदत न करणे किती कष्टाचे असते, ते मी त्या दिवशी पाहिले.

याआने माऊस ओढला. ओढताना डोळा घड्याळावर. एकाऐवजी दोन अक्षरे रंगली. तिने उचलली, ठेवली. चौकटीत उमटले ‘याम’.

“एई, याम झालीस!” क्वाकूला राहवले नाही. याम म्हणजे आमच्या रोजच्या जेवणातला कंद. “आता उकडून खाऊ का?”

“खा, पण बायकांच्या पंगतीत बसून!” ती हसली आणि तिने घड्याळाकडे बघणे सोडून दिले. चुकलेले खोडले. पुन्हा ओढला. या वेळी एकच अक्षर रंगले. उचलले. ठेवले.

याआ.

दिवा लुकलुकला. लाईट पुन्हा चालली होती. मित्रांनो, वीज गेली की माझ्यासारखा संगणक डोळे मिटणारच. पण मी अकरा सेकंद श्वास रोखून तग धरला. मॅडम म्हणतात, लाईट गेलीच नव्हती, नुसती डोळा मारून परतली. ज्याला जे मानायचे ते मानावे. तेवढ्यात याआने ‘पाठवा’वर बोट दाबले, आणि चारला दोन मिनिटे असताना माझ्या पडद्यावर उत्तर आले: दुरुस्ती मिळाली.

सोमवारी भिंतीवर नवी यादी लागली. तळाजवळचा कोपरा: श्रीमती याआ अफ्रामा. क्वाकूने सगळ्यांसमोर ती मोठ्याने वाचली, दोनदा. मग स्क्रू खोलायचे हत्यार घेऊन तो माझ्याकडे आला. मेलेला ‘ए’ त्याने उपटला, खाली वाकून पाहिले आणि असा हसत सुटला की त्याला बाकावर बसवावे लागले.

बटणाखाली माशाचा खवला होता. धुरी दिलेला, सोनेरी.

“म्हणजे मीच मारला होता त्याला?” याआने तोंडावर हात ठेवला.

“स्वतःचं नाव लिहून लिहून!”

आता तो ‘ए’ मस्त चालतो. झिजलेल्या बटणावर याआच्या लेकीने नखांच्या लाल रंगाने अक्षर पुन्हा काढून दिले आहे. मंगळवारी आणि गुरुवारी वर्ग भरतो, आणि नव्या बायकांना पहिला धडा देते ती याआ. धडा असा, की आधी दाराबाहेरच्या बादलीत साबणाने हात धुऊन या.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. माझे मागणे थोडे आहे. माझ्यापुढे बसताना हात स्वच्छ ठेवा. आणि तुमची आई किंवा आजी माझ्यापुढे बसून एका बोटाने अक्षर शोधत असेल, तर तुमचे हात पाठीमागे बांधा. कितीही वेळ लागो, बांधूनच ठेवा. ती शोधते आहे ते अक्षर तिच्याच नावात कुठेतरी आहे.