दोन सिगारेटींचा पाव

माझा मोठा भाऊ सिगारेट सोडणार की माझा धाकटा भाऊ मरणार, एवढाच प्रश्न होता. सर्जनबाईंनी तो इतक्या गोड आवाजात मांडला, की मला त्यांचं टेबल उलटं करावंसं वाटलं.

"किडनी जुळतेय," त्या दादाला म्हणाल्या. "पण या छातीला मी भूल देऊ देणार नाही. सिगारेट पूर्ण बंद करा, दर आठवड्याला इथे येऊन यंत्रात फुंका. माझं समाधान झालं की तारीख देते."

दादा म्हणाला, "आजपासून बंद." आणि फाटकाबाहेर आल्यावर किडनी जुळल्याच्या आनंदात त्याने एक पेटवली! आता या माणसाला काय म्हणायचं?

आमची बेकरी आहे. दादा भट्टीवर, मी काउंटरवर आणि पीठ मळायला बारक्या. बारक्या म्हणजे धाकटा. चाळिशी ओलांडली, टक्कल पडलं, तरी बारक्याच. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. दिवसाआड जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. त्यासाठी डाव्या हाताची नस जोडून फुगवून ठेवलीय, त्या हाताने वजन उचलायचं नाही. त्यामुळे मळायचं कामही दादावरच आलं आणि बारक्या मागच्या दाराशी पिठाच्या पोत्यावर बसून नुसतं बघायला लागला. किडनी द्यायला पहिल्या दिवशी बाही वर करून मीच उभी राहिले होते. मला मधुमेह, मला दारातूनच परत पाठवलं. नाहीतर दादाच्या नाकदुऱ्या काढायची मला काय हौस होती?

सोडायचे सगळे प्रकार करून झाले. आधी एकदम बंद. सकाळी पाकीट कचऱ्यात टाकलं आणि दुसरी खेप भट्टीत गेली तेव्हा कचऱ्यातून काढलं. मग बडीशेप. दिवसभर बकरीसारखी चघळायची आणि तोंड ताजं झालं की वर एक ओढायची. मग आईच्या फोटोसमोर शपथ. संध्याकाळी बघते तर फोटो भिंतीकडे तोंड करून लावलेला. मग पाकीट माझ्याकडे दिलं. "मी मागितली तरी देऊ नकोस." दिली नाही. तर भर गिऱ्हाइकांसमोर माझ्यावर ओरडला, की तू माझी बहीण नाहीस, वैरीण आहेस! आणि पिठाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून एक मागून घेतली.

त्या दिवशी बारक्या पोत्यावरून म्हणाला, "दादा, राहू दे. मला मशीनची सवय झालीय."

सवय कसली डोंबलाची! मशीनवरून आला की जिना चढताना भिंत धरायचा, पाण्याचे घोट मोजून प्यायचा. ते 'राहू दे' ऐकून दादा कोठीच्या खोलीत गेला, दार लावलं आणि आत पोत्यांवर डोकं आपटून रडला. मी दाराबाहेर हात बांधून उभी. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ओरडणार कोणावर? त्याला सोडायचं नव्हतं असं थोडंच होतं!

शेवटी दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे त्याला ओढत नेलं. कोवळं पोरगं, दाढी कोरलेली, समोर पाण्याची बाटली. मनात म्हटलं, हा काय शिकवणार.

"तुम्ही दरवेळी सोडायची घाई केलीत," तो म्हणाला, "तयारी केलीच नाहीत. एक दिवस काहीच सोडू नका. हात खिशाकडे जायच्या आधी काय होतं, तेवढं बघा. मग दिवस ठरवू, निकोटिनची पट्टी लावू."

"भाऊ तिकडे सुकत चाललाय आणि आम्ही बघत बसायचं?" मी म्हणाले.

"एकच दिवस, ताई."

दादा कसला बघतोय! बघायचं माझ्याकडेच आलं. दुसऱ्या दिवशी मी काउंटरवरून मान वळवून वळवून त्याच्यावर डोळा ठेवला. गोळे वळून झाले. हात पिठात, खिशाचं नावही नाही. चेहराही शांत. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून मी सवयीने ओरडले, "दादा, गोळ्यांची सिगारेट झाली का?"

दादाने हात पुसले आणि तो मागच्या दाराकडे निघाला.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. थोड्या वेळाने ट्रे आत गेले. बारक्या पोत्यावरून म्हणाला, "आता दोन सिगारेटी, दादा." आणि दादाचा हात खिशात.

मी जीभ चावली.

आमच्या बेकरीत घड्याळ नाही. कधीच नव्हतं. बाबा म्हणायचे, वाफेत आणि पिठात घड्याळ टिकत नाही. त्यांचं माप सिगारेटीचं. वळलेल्या गोळ्यांना विसावा एक सिगारेट, भट्टीत पाव दोन सिगारेटी. लाकडाची भट्टी जाऊन विजेची आली, बाबा सिगारेटीच्याच धुरापायी खोकून खोकून गेले, तरी माप तेच राहिलं. मी आयुष्यात ओढली नाही, बारक्याने ओढली नाही, पण आम्ही दोघं दिवसभर सिगारेट सिगारेट करत असतो. आम्हाला त्यात वेळ दिसतो. दादाला सिगारेट दिसायची. सोड सोड म्हणून त्याचा जीव खाणारे आम्ही दोघंच त्याला खेपेगणिक ओढायला पाठवत होतो!

मी आधी हसले, मग काउंटरमागे बसून रडले. गिऱ्हाईक आपलं विचारतंय, पाव मिळेल का, पाव मिळेल का.

समुपदेशकाला सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच. "हेच हवं होतं!" दिवस ठरला. दादाच्या दंडावर पट्टी चिकटली. मी भिंतीवर घड्याळ टांगलं आणि दुकानात सिगारेट हा शब्द बंद केला. पण घड्याळाने वेळ कळत होता, जात नव्हता. दादा भट्टीसमोर उभा राहून काट्याकडे बघायचा, हाताची बोटं आपोआप चिमटीत यायची, कपाळावर घाम. पट्टी अंगाची तलफ मारत असेल, रिकाम्या हातांचं काय?

तेव्हा बारक्या म्हणाला, "दादा, बस इथे. बाबांची सायकल सांगतो."

ती सायकल म्हणजे घरातली जुनी गोष्ट. सायकलीला ब्रेक नव्हते. पुढे नळीवर बारक्या, मागे कॅरिअरवर दादा, हँडलला पावांची टोपली. बाबा उताराच्या वरच्या टोकाला कोणाशी बोलायला उतरले आणि सायकल सुटली ती या दोघांना घेऊन. खाली भिंत. बारक्या त्यात मीठमसाला लावायचा. उडालेले पाव वेचणारी कुत्री, सायकलीमागे धावणारे बाबा, त्यांचं सुटलेलं धोतर. दादा म्हणायचा, "बाबा धोतर नेसायचेच नाहीत, गाढवा." "गोष्टीत नेसायचे." आणि शेवटी दादाने मागून रस्त्यावर उडी टाकली, कॅरिअर धरलं, टाचा सोलवटत गेला. मग बारक्या मोठ्याने म्हणायचा, "आणि सायकल थांबली!"

थांबली म्हटलं की दादा भट्टीचं दार उघडायचा. पाव नेमके भाजलेले. गोळ्यांसाठी एक लहान गोष्ट होती, मांजरीची. आमची भाषाच बदलली. "ताई, मांजर झाली, गिऱ्हाइकाला सांग सायकलभर थांब." गिऱ्हाइकं आम्हाला वेडं समजायला लागली असतील. समजू देत. दादा यंत्रात फुंकून यायचा आणि शाळेत पास झाल्यासारखा तोंड लपवून हसायचा. सर्जनबाई म्हणाल्या, शेवटची एक तपासणी, मग तारीख.

त्या तपासणीच्या आदल्या दिवशी बारक्याच्या छातीत पाणी भरलं.

श्वास लागून त्याचे ओठ निळे पडले. दादाने त्याला पाठीवर घेऊन जिना उतरवला. दवाखान्यात त्याच्या तोंडावर मास्क बसला आणि बोलणं बंद झालं. "सावरला की ऑपरेशनला आम्ही थांबणार नाही," सर्जनबाई दादाला म्हणाल्या. या वेळी आवाज गोड नव्हता. "तुम्ही उद्या सकाळी फुंकायला या. आजचा दिवस सांभाळा."

दवाखान्यातल्या रुग्णांना रात्रीचे पाव आमच्याकडूनच जायचे, ते चुकवता येत नव्हतं. दुपारी आम्ही दुकानात आलो. दादाने मळलं, वळलं, ट्रे आत सरकवले. मग तो त्या रिकाम्या पोत्याकडे बघत उभा राहिला.

"अगं, एक दे," तो म्हणाला. "एकच. उद्यापर्यंत यंत्राला कळणारही नाही."

"नाही."

"माझे हात बघ. मला उभं राहवत नाहीये. पाया पडतो तुझ्या." आणि खरंच वाकला. माझा मोठा भाऊ, माझ्या पायाशी! ते जुनं पाकीट अजून माझ्याकडे होतं, काउंटरच्या खणात. देवाशप्पथ सांगते, माझा हात खणापर्यंत गेला होता. त्याचे हाल बघवत नव्हते.

मग मी खणाला कुलूप घातलं, मागचं दार लावलं, आणि पोत्यावर बसले. "बाबांची सायकल," मी म्हणाले. "सायकलीला ब्रेक नव्हते. मागे बारक्या, पुढे तू..."

"पुढे बारक्या!"

"बरं, पुढे बारक्या. मग बाबा दुकानात गेले..."

"दुकानात नाही! उतारावर बोलत उभे होते. तुला काही येत नाही, गप बस." आणि तो स्वतःच सांगायला लागला. भिंतीला टेकून, डोळे मिटून, ओरडून ओरडून. कुत्री आली, पाव उडाले, धोतरसुद्धा आलं. सायकल सुसाट खाली चालली. पुढे नळीवर बारक्या किंचाळतोय. समोर भिंत.

आणि दादा गप्प झाला.

"पुढे?" मी म्हणाले. "सांग ना."

"मला काय माहीत थांबली का," तो म्हणाला, आणि तोंड बाहीत खुपसून हमसून हमसून रडायला लागला. मग उठून त्याने भट्टीचं दार उघडलं आणि ट्रे बाहेर ओढले.

पाव पांढरट, कच्चे. मी ट्रे पुन्हा आत ढकलले. त्यातला एक मात्र काढून रुमालात बांधला. का, कोण जाणे.

सकाळी दादा यंत्राच्या खोलीबाहेर रांगेत बसला आणि मी बारक्याकडे गेले. तो जागा होता. मला बघून त्याने दोन बोटं ओठांशी नेली, मास्कवरच. ओढली का?

मी मान हलवली. नाही. आणि रुमाल सोडून पाव त्याच्या हातात ठेवला. त्याने अंगठ्याने दाबून बघितला. बेकरीतला माणूस, मरायला टेकला तरी दाबून बघणारच.

त्याने मास्क बाजूला केला. "कच्चा आहे," तो म्हणाला. "शेवट सांगितला नाही त्याने."

"नाही सांगितला."

तो बराच वेळ श्वास गोळा करत होता. नर्स मास्क लावायला धावली, तिला त्याने हाताने थांबवलं.

"ताई, पळत जा," तो म्हणाला. "तो फुंकायच्या आधी सांग त्याला. सायकल थांबली होती. मी पुढे बसलो होतो, मला माहीत आहे."