तुरटीचं पाणी

वडवणीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्याला बद्रीनाथचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं शेड आहे. त्याच्या भिंतीला लागून माझी खोली. तालुक्याच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यावर मी तिथे राहायला आलो. वाचायला निवांतपणा मिळेल असं वाटलं होतं. हातोडीचा आवाज मी हिशेबात धरला नव्हता. पण तक्रार करणं मला जमत नाही, आणि काही महिन्यांनी आवाज थांबला की पुस्तकातून लक्ष उडू लागलं.

शेड बारा महिने चालत नसे. दसरा झाला की बद्रीनाथ आणि त्याची बायको अंजना ऊसतोडीला सांगलीकडे जात, ते उन्हाळ्यात परतत. मुलगी सोबत असे. तिची शाळा दसऱ्याला सुटली की त्या वर्षापुरती सुटलेलीच. ती आता सातवीत होती. एक वर्ष तरी जायला लागू नये, एवढीच त्या घराची धडपड होती. अंजना ते उघड बोलून दाखवी, बद्रीनाथ बोलत नसे.

धरण कोरडं पडलं त्या वर्षी श्रावणात शहादेव आला. हा आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचा संचालक. त्याच्या मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक जीप होती, म्हणजे जीपचं उरलेलं. बहात्तरच्या दुष्काळात संस्थापक मंडळी याच जीपमधून गावोगाव शेअर गोळा करत फिरली होती. पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळे, त्यामुळे धारूरच्या घाटातल्या वाड्यावस्त्यांवर दुसरी गाडी चढत नव्हती तिथे ही जायची. मग वीस-बावीस वर्षं कारखान्याच्या भंगारात पडून होती.

"हंगामाची पहिली मोळी टाकायच्या कार्यक्रमाला गव्हाणीपाशी उभी करायची," शहादेव म्हणाला. "नव्यासारखी."

"दादा, औंदा ऊस हाय का पर?" बद्रीनाथने विचारलं.

"मोळीपुरता हाय," शहादेव म्हणाला आणि स्वतःच हसला. मग म्हणाला, "ही नीट झाली, तर कारखान्याच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडं. वर्षभर. बग."

तो गेल्यावर अंजना बाहेर आली. तिने जीपभोवती एक फेरी मारली. तळाचा पत्रा गंजून खाली लोंबत होता, डाव्या मडगार्डात मूठ जाईल एवढं भोक होतं.

"हिच्यावर शाळा व्हय पोरीची?" ती म्हणाली.

"हिच्यावरच," बद्रीनाथ म्हणाला.

त्याने काम मन लावून केलं, एवढं मी सांगू शकतो. ते चांगलं होतं की नाही हे ठरवण्याइतकं मला कळत नाही. इंजिन आणि गिअर माजलगावच्या मिस्त्रीने पाहिले. बॉडी बद्रीनाथची. कुजलेला तळ कापून त्याने नवा पत्रा जोडला. पोचे आतून ठोकून काढले. जुना रंग खरवडताना एकाखाली एक थर निघत गेले. वर पांढरा, त्याखाली पिवळा, आणि सगळ्यात खाली चिंचेच्या कोवळ्या पानाचा हिरवा. शहादेवला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, तोच दे, हिरवा.

एकदा बद्रीनाथ म्हणाला, "भाऊसाब, बॉनेटला लांबी लई लागणार."

मी बॉनेटकडे पाहिलं. "चार फूट तर असेल आधीच," मी म्हणालो.

तो हातातली खरवडायची पत्री टाकून हसत सुटला. त्याने अंजनाला हाक मारून सांगितलं, तिने शेजारणीला. लांबी म्हणजे पोचे भरायची पुट्टी, हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस अंजना मला पाहिलं की म्हणायची, "भाऊसाब, तुमची लांबी किती?" मी शब्दकोशात पाहिलं. हा अर्थ तिथे नव्हता.

लांबी वाळली की ती घासायची. घासायला पाण्याचा कागद लागतो. कागद भिजवायचा, पत्र्यावर पाणी सोडायचं, घासायचं, निघालेला चिखल पुसायचा, पुन्हा पाणी. त्यावर प्रायमर मारला की तोही असाच घासायचा. एरवी या कामाला कुणी पाणी मोजत नाही. त्या वर्षी टँकर आठवड्यातून एकदा येई, आणि बोअरला आलंच तर खारट, पिवळं येई.

"बोअरचं नगं," बद्रीनाथ म्हणाला. "खारानं रंग धरत न्हाई."

"मग टँकरचं घ्या," अंजना म्हणाली. "पर ते बी गढूळ हाय. त्यात वाळू असती, तिनं ओरखडं पडतील."

हे तिचं खरं होतं. म्हणून तिने जीपसाठी घरातला एक रांजण वेगळा काढला. टँकरचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळून त्यात भरायची आणि तुरटी फिरवायची. आमच्याकडे प्यायच्या पाण्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवतात, मग गाळ खाली बसतो. जीपच्या रांजणात ती बराच वेळ फिरवत उभी राही. पाहुण्यांनासुद्धा इतकं नितळ पाणी त्या घरात मिळत नसेल.

"जिपीला जुलाब व्हायचे बंद," बद्रीनाथ म्हणाला.

"तुमी घासा गुमान," ती म्हणाली.

घासून झालं की पत्रा वरून भरपूर पाण्याने धुवायचा असतो. तेवढं मात्र कुणी केलं नाही. रस्त्याच्या पलीकडे टँकरच्या वाटेवर घागरी रांगेत लावलेल्या असत. त्यांच्यासमोर बादलीभर पाणी गाडीवर ओतून मातीत जाऊ द्यायचं, हे अंजनाच्या हातून झालं नसतं आणि बद्रीनाथच्याही नाही. त्यांनी ओल्या फडक्याने पत्रा पुसला, फडकं त्याच पाण्यात पिळलं आणि पुन्हा पुसला. पाणी पुन्हा निवळून पुन्हा वापरलं. पत्रा वाळल्यावर त्यावर पिठासारखं काहीतरी दिसलं. तो घासल्याचा भुगा असेल म्हणून कोरडं फडकं फिरवलं आणि रंग मारला.

रंग सुंदर दिसला. रस्त्याने जाणाऱ्या जीपा थांबल्या, आतले लोक उतरून पाहून गेले. शहादेवने फोटो मागवला आणि फोनवर म्हणाला, "वा रे पठ्ठ्या." मुकादम धुळाजी ऊसतोडीची टोळी जमवत फिरत होता. तो दारात आला, तेव्हा अंजनाने त्याला चहा दिला आणि सांगितलं, "औंदा आमचा कोयता धरू नका."

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस अर्धा कोयता.

"बगा हं," धुळाजी म्हणाला. "गाडी दसऱ्याला हालती. मंग कावून न्हेलं न्हाई म्हणसाल."

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात बॉनेटवर फोड आले. आधी हरभऱ्याएवढे दोन, मग सगळीकडे बारीक. बद्रीनाथने एका फोडाला नख लावलं आणि रंगाची साल केळ्यासारखी निघाली. खाली प्रायमरवर पांढरी पूड होती. त्याने ती बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

"तुरटी," तो म्हणाला.

अंजना दारात उभी होती. ती आत गेली आणि भांडी घासत बसली.

दुपारी शहादेव आला. त्याने बॉनेट पाहिलं, दोन्ही बाजू पाहिल्या. उजवी बाजू बरी होती.

"उजवी बाजू मंडपाकडं करू," तो म्हणाला. "बॉनेटवर हार टाकू मोठाले. कुणाला काय दिसतंय?"

मला वाटलं हे झालं. मी त्याच्या जागी असतो तर होकार दिला असता.

"न्हाई दादा," बद्रीनाथ म्हणाला. "हार काढला की दिसल. मंग लोक म्हनतील, कुणी केलं बे हे? माझंच नाव निघल."

"मग काय म्हणतोस?"

"सगळा रंग काढतो. पुन्ना घासतो. टाइम लागंल."

"कार्यक्रम तुझ्यासाठी थांबतो का?"

"न्हाई थांबत."

शहादेव जीपला टेकून उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला मंडपवाल्याचे फोन येत होते. शेवटी तो म्हणाला, "मोळीला फोटो लावतो जिपीचा. पट्टा पडायच्या आत, हंगाम संपायच्या आत दे. मग बगू बाकीच्या गाड्यांचं." बघू, असं तो म्हणाला. आधी तो देतो म्हणाला होता.

म्हणजे हिवाळाभर हातात फक्त जीप, आणि चूल कशावर पेटवायची हा प्रश्न. दोघं गेली तर जीप तशीच राहणार. त्या संध्याकाळी अंजनाने धुळाजीला फोन लावला. तिचा भाऊ रामहरी त्याच टोळीत होता. त्याची बायको बाळंतीण होती आणि तो अर्ध्या कोयत्यावर निघाला होता.

"माझा अर्धा त्याच्यात घाला," अंजना म्हणाली. "कोयता पुरा झाला का?"

फोन ठेवल्यावर बद्रीनाथ म्हणाला, "मी जातो. तू ऱ्हा पोरीपशी."

"जिपीला रंग मी देऊ व्हय?" ती म्हणाली. "पाणी मी दिलतं. मी जाते."

दसऱ्याला ट्रक रस्त्यावर थांबला. अंजनाने भांड्यांचं बोचकं वर फेकलं आणि चाकावर पाय देऊन चढली. मुलीला तिने शाळेचं काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. ट्रक निघाला.

बद्रीनाथने जीपचा सगळा हिरवा रंग उतरवला. त्यात बरेच दिवस गेले. मग टँकरचं गाळलेलं पाणी, तुरटी न घातलेलं, घेऊन त्याने पत्रा पुन्हा घासला. एका सकाळी टँकर नुकताच येऊन गेला होता आणि बाया घागरी घेऊन परतत होत्या. त्याने भरलेली बादली उचलली आणि बॉनेटवर ओतली. पाणी मडगार्डावरून वाहत खाली गेलं आणि मातीत जिरलं.

एक बाई थांबली. "लाज वाटती का रं, बद्र्या?"

"वाटती," तो म्हणाला आणि दुसरी बादली आणायला आत गेला.