सिस्टरच बोलतेय
"मावशी, तेवढा पंखा लावता का जरा?" कागद चाळता चाळता ट्रेनिंगच्या बाई म्हणाल्या.

मावशींनी उठून पंखा लावला आणि पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीत परत येऊन बसल्या. बाईंनी मान वर केली. "तुम्ही इथंच बसणार?"

"हो बाई. हजेरीत सहावं नाव माझंच आहे."

वर्गातल्या अकरा पोरी खुदकन हसल्या आणि सगळ्यांत मोठ्यानं मावशी हसल्या.

नुकत्याच पास झालेल्या नर्सेसना हे हॉस्पिटल एकदम वॉर्डात लोटून देत नसे. वर्षभराची रेसिडेन्सी असे. आठवड्यातून एकदा वर्ग, बाकीचे दिवस अनुभवी सिस्टरच्या हाताखाली काम, आणि तिची शेवटची सही झाली की पेशंट स्वतंत्रपणे हाती येत. यंदाच्या बारा जणींत अकरा विशी-बाविशीच्या होत्या आणि एक बेचाळीसची. मावशींनी याच इमारतीत पंधरा वर्षं आया म्हणून काम केलं होतं. लेकीचा अभ्यास घेता घेता स्वतःची राहिलेली बारावी काढली, मग नोकरी सोडून नर्सिंगला गेल्या. "या वयात पुस्तकं?" असं झाडून सगळ्या नातेवाइकांनी विचारलं. नवऱ्यानं विचारलं नाही. तो शाळेची बस चालवायचा; त्यानं गुपचूप स्वयंपाक शिकून घेतला. तो अजून खाण्याजोगा होत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्यांना शिकवायला मिळालेली सिस्टर अठ्ठावीस वर्षांची होती. ती नवी असताना एकदा चादरींच्या खोलीत रडत बसली होती, तेव्हा चहा पाजून तिला वॉर्डात परत धाडलं होतं ते मावशींनीच.

हाताचं काम मावशींना भराभर जमलं. गाडी अडली ती जिभेपाशी. डॉक्टर आले की पाय आपोआप भिंतीकडे सरकायचे. इतकी वर्षं मोठ्या माणसांना वाट करून देण्यात गेली होती.

"मावशी, तुम्हाला दिसतं सगळं," सिस्टर एकदा म्हणाली. "पण तुम्ही ते सांगत नाही कुणाला. मी सही अशीच नाही करणार हं."

"बरोबर आहे तुमचं, सिस्टर."

"आणि मला अहो-जाहो नका करू."

"मग तुम्ही मला मावशी म्हणू नका."

दोघींनी कबूल केलं आणि दोघींनाही ते जमलं नाही.

दहाव्या महिन्यात सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी आले. पोटाचं ऑपरेशन झालेलं, पण तोंडाला टाका नाही. येईल त्याच्या कपड्यांना नाव ठेवायचे. "डॉक्टर, तुमचा खिसा वाकडा लागलाय," हे त्यांचं शुद्धीवर आल्यावरचं पहिलं वाक्य.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर जेवायला गेली होती. मावशी सात नंबरपाशी गेल्या, तर म्हातारबुवा गप्प. बोटांनी चादरीची किनार चिवडत होते. कपाळ ओलसर, हात गार. नाडी सकाळपेक्षा बरीच जलद, रक्तदाब थोडा उतरलेला. घाबरून जावं असं एकही आकडा सांगत नव्हता. पण हे गप्प होणारं माणूस नव्हे, एवढं मावशींना पक्कं ठाऊक होतं.

फोनपाशी जाऊन त्यांनी रिसीव्हर उचलला आणि खाली ठेवला. काही निघालं नाही तर हसं होईल. सिस्टर वीस मिनिटांत येईलच. त्यांनी वळून खाटेकडे पाहिलं आणि नंबर फिरवला.

डॉक्टरांनी आवाज ओळखला. "अहो मावशी, फोन सिस्टरकडे द्या ना."

"सिस्टरच बोलतेय," मावशी म्हणाल्या. पुढचं सगळं ओळीनं बाहेर पडलं. नाडी, दाब, लघवी किती झाली, पोट हाताला कसं लागतंय. "मला आत रक्तस्राव वाटतोय. तुम्ही आत्ता यायला हवं."

"आलो," म्हणत डॉक्टरांनी फोन ठेवला.

तासाभरात म्हातारबुवा पुन्हा टेबलावर होते. आत एक शीर सुटली होती, वेळेत सापडली. जेवून आलेल्या सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं, मावशींची ट्रेनिंगची वही ओढली आणि इतके महिने अडवून ठेवलेल्या रकान्यात सही केली.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं भाजी ढवळता ढवळता विचारलं, "मग आता माझीही नाडी बघणार का?"

"आधी ती भाजी बघते. तिची तब्येत जास्त बिघडलीय."

बारा दिवसांनी शिंप्यांना घरी सोडायचं ठरलं. मावशी कागद घेऊन गेल्या, तर त्यांनी बायकोला घरून सुईदोऱ्याचा डबा आणायला लावला होता.

"सिस्टर, इकडे या. गणवेश तयार घेतलाय ना? डावा खांदा उतरतोय. दोन आठवडे बघतोय मी, झोप लागेना."

"राहू द्या हो काका, तुम्ही दमाल."

"उभ्या राहा."

मावशी उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यानं दोरा तोंडात घेऊन ओला केला, सुई उजेडात धरली. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी सुई आणि दोरा निमूटपणे मावशींच्या हातात दिला. मावशींनी तो ओवून परत दिला आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

"हलू नका," ते म्हणाले. मग बोटांनीच शिवण चाचपत, सावकाश, एकेक टाका घालू लागले.