दादाच्या गाडीचं इंजिन

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर दादा विश्रांतीसाठी लेकीकडे गेला, तेव्हा त्याने धाकट्या भावाला एवढंच बजावलं होतं, की माझी जुनी गाडी आठवड्यातून एकदा सुरू कर, बाकी हात लावू नकोस. धाकटा निवृत्त ग्रंथपाल. छापील मजकुरावर त्याचा इतका विश्वास, की इंजिन जरा खडखडल्याबरोबर त्याने एक जाडजूड पुस्तक मिळवलं आणि आठवडाभरात सगळं इंजिन गॅरेजभर मांडून ठेवलं. उघडण्याच्या प्रकरणापर्यंत पुस्तक चांगलं होतं.

जोडण्याच्या प्रकरणात पहिल्याच ओळीला लिहिलं होतं, की हे सुटे भाग धातूचं कातकाम करणाऱ्या मशीन शॉपमध्ये न्यावेत.

मग मशीन शॉपची शोधाशोध सुरू झाली. पहिल्याने इतकं जुनं काम करत नाही म्हणून हात वर केले. दुसरा म्हणाला, "काका, भंगारात द्या." तिसऱ्याच्या जागी चष्म्याचं दुकान निघालं, तिथून रिकाम्या हाती परतणं बरं दिसेना म्हणून ग्रंथपालाने डोळे तपासून घेतले. दादाचा रोज फोन यायचा. "सगळं उत्तम," हा म्हणायचा. घरी असलेल्या आईच्या पोटात कुठलंही गुपित राहत नाही, त्यामुळे फोन आला की ती कायम झोपलेली असायची नाहीतर आंघोळीला गेलेली.

दोन आठवड्यांनी चौथं दुकान सापडलं. लेथवर वाकलेल्या म्हाताऱ्या कारागिराने सुट्या भागांचा खोका उघडला, कनेक्टिंग रॉड आणि त्यांच्या टोकांना बसणाऱ्या टोप्या बाहेर काढल्या आणि भिंगातून बघत राहिला.

"यांच्यावर नंबर असतात. कुठली टोपी कुठल्या रॉडची, ते कळायला. कुणी घासून काढले?"

नंबर ग्रंथपालानेच घासले होते. डाग समजून, पॉलिश पेपरने, दोन दिवस खपून. ज्याने जन्मभर पुस्तकांवर क्रमांक घातले, त्याने आयुष्यात एकदाच क्रमांक पुसले तेही नेमके इथे.

"एक मेकॅनिक होता," तो म्हणाला.

"गाढव आहे."

"अगदीच," ग्रंथपाल म्हणाला. "हात तोडले पाहिजेत त्याचे." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण त्याला जोर चढला आणि त्याने त्या मेकॅनिकचं शिक्षणही काढलं.

कारागिराने भिंग खाली ठेवलं. "जोड्या लागत नाहीत. आता रॉड आणि टोप्या थोड्या कापून त्यांच्यातलं भोक नव्याने बोअर करावं लागेल. गाडी तुमची?"

"दादाची."

"मग त्याला विचारा. मालकाने हो म्हटल्याशिवाय मी धातू कापत नाही. कापलं की परत जोडता येत नाही."

"तो आजारी आहे हो."

"मग खोका घेऊन जा."

पाचवं दुकान नव्हतंच. ग्रंथपालाने कोपऱ्यात उभं राहून फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, पॉलिश पेपरसकट. दादाच्या छातीला काही होईल या भीतीने शेवटी, "तू आधी खाली बस," असंही बजावलं.

"एवढंच?" दादाने विचारलं.

"एवढंच म्हणजे? इंजिनाची वाट लावली मी."

"दोन आठवडे आईला फोनवर देत नाहीयेस," दादा म्हणाला. "मला वाटलं, आई गेली आणि माझी तब्येत बघून तुम्ही सगळे लपवताय. मी इथे कुणाला विचारायलासुद्धा घाबरत होतो रे."

गाढव हा शब्द ग्रंथपालाला आता फारच सौम्य वाटला.

"त्याला काय कापायचं ते कापू दे," दादा म्हणाला. "तू आधी घरी जा आणि आईला फोन दे."

कारागिराला दादाचा होकार सांगून, खोका तिथेच सोडून तो तसाच काळ्या हातांनी घरी धावला. आईने फोन कानाला लावला आणि दादाला हॅलोसुद्धा म्हणू न देता त्याच्या गाडीचं काय झालंय ते सांगायला सुरुवात केली. पलीकडे दादा रडत होता, आणि आईला वाटलं, गाडीसाठीच.